नव्वद दिवसांचा हुकूम

9 नोव्हेंबर 1973. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या एका तुरुंगात जे. डब्ल्यू. गॅम्बल नावाचे कैदी ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवत होते. त्यातली सुमारे 270 किलो वजनाची एक गाठ त्यांच्या अंगावर पडली. पुढच्या तीन महिन्यांत तुरुंगातील वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्यांना सतरा वेळा तपासले, गोळ्या दिल्या. मात्र पाठीचा एक्स-रे काही निघाला नाही. दुखण्यामुळे काम करता येत नाही असे सांगितल्यावर त्यांना शिक्षा म्हणून एकांतकोठडीत टाकण्यात आले. अखेर त्यांनी स्वतःच्या हाताने तक्रार लिहून न्यायालयात धाडली.

ती तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे म्हणजे राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षा होय, असे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी 1976 साली निकालात लिहिले. तुरुंगातला माणूस औषधासाठी सर्वस्वी तुरुंगावरच अवलंबून असतो, हा त्यामागचा साधा आधार. गॅम्बल यांच्या हाती मात्र काही लागले नाही. सतरा तपासण्या झाल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरांचे वागणे फार तर हलगर्जीपणाचे म्हणता येईल, असे न्यायालयाचे मत पडले.

हक्क मान्य झाला, तरी खटला वर्षानुवर्षे चालतो आणि आजार तारखा पाळत नाही. म्हणून कैदी अंतिम निकालाआधीच तात्पुरता हुकूम मागतात. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत वकील ज्याला ‘निशाणी 5’चा अर्ज म्हणतात, त्याच जातीचा हा अर्ज. फरक इतकाच, की आपल्याकडे तो बहुधा बांधकाम थांबवा, जमीन विकू नका, असे सांगण्यासाठी असतो. कैद्याच्या अर्जात ‘उपचार सुरू करा’ असे सांगायचे असते, आणि सरकारी यंत्रणेला काही करायला लावणारा हुकूम देताना न्यायाधीश अधिकच सावध असतात. खटला जिंकण्याची शक्यता, भरून न येणारी हानी, दोन्ही बाजूंच्या गैरसोयीचा तोल आणि सार्वजनिक हित, हे चारही मुद्दे अर्जदाराला पटवून द्यावे लागतात. त्याआधी तुरुंगातील तक्रारीच्या सर्व पायऱ्या चढलेल्या असाव्या लागतात. 1996च्या अमेरिकी कायद्याने आणखी एक अट घातली: असा हुकूम गरजेपुरताच असावा, आणि न्यायालयाने तो कायम न केल्यास 90 दिवसांनी आपोआप संपावा.

आता पेनसिल्व्हेनिया. एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल 1982 साली दोषी ठरलेले पत्रकार मुमिया अबू-जमाल तिथल्या महानॉय तुरुंगात जन्मठेप भोगत आहेत. मार्च 2015 मध्ये रक्तातील साखर भयंकर वाढून ते कोसळले. हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य रोग त्यांना आधीपासून होताच. अंगभर असह्य खाज सुटत होती, कातडी जाड होऊन सोलवटत होती. या रोगाचा विषाणू नाहीसा करणारी गोळी डिसेंबर 2013 पासून बाजारात होती. एका गोळीची किंमत 1,000 डॉलर, बारा आठवड्यांचा खर्च 84,000 डॉलर. (2015 पासून भारतात याच औषधाच्या जेनेरिक गोळ्या त्या किमतीच्या अगदी लहान अंशात मिळू लागल्या होत्या, हे इथे सांगितलेच पाहिजे.) यकृत इतके बिघडावे, की अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटण्याचा धोका निर्माण व्हावा, तेव्हाच ही गोळी द्यायची, असे तुरुंग विभागाचे धोरण होते.

ऑगस्ट 2015 मध्ये तात्पुरत्या हुकुमाचा अर्ज झाला. वर्षभराने न्यायाधीश रॉबर्ट मारियानी यांनी हे धोरण घटनेच्या कसोटीला उतरत नाही असे नोंदवले, तरीही अर्ज फेटाळला. कारण उपचार मंजूर करणाऱ्या समितीचे सदस्य दाव्यात प्रतिवादीच नव्हते. कातडी सोलवटलेल्या माणसाला नावे बदलून पुन्हा दावा लावावा लागला, ही गोष्ट लिहिताना आजही हात थांबतो. 3 जानेवारी 2017 रोजी हुकूम मिळाला. त्या वसंतात गोळ्या सुरू झाल्या, तोवर तपासण्यांत सिरॉसिसची, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होत गेल्याची, चिन्हे दिसू लागली होती. पुढे विषाणू गेला. बारा आठवडे म्हणजे 84 दिवस. 90 दिवसांच्या मुदतीत संपूर्ण उपचार जेमतेम बसतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात न्यायाधीश मार्क वॉकर यांनी असाच हुकूम दिला, तो एकासाठी नव्हे, तर राज्याच्या तुरुंगांतील हजारो बाधितांसाठी. नवी औषधे आल्यापासून तिथे फक्त 13 कैद्यांना ती मिळाली होती. हुकुमानंतर उपचार वाढले. पुढे अंतिम आदेशात यकृतावर व्रण नसलेल्या किंवा अगदी थोडे असलेल्या कैद्यांनाही गोळ्या द्याव्यात असे ठरले. पण 2020 मध्ये अपील न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. त्या कैद्यांवर नियमित लक्ष ठेवणे पुरेसे आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले.