जोड ठरली, आता गर्दी जमवा

[दृश्य: तालुक्याच्या गावातलं फ्लेक्सचं दुकान. मशीनमधून बॅनर सरकत बाहेर येतंय.]

दहा फूट रुंद, आठ फूट उंच. वर ग्रामदैवताचा फोटो, त्याखाली नेत्यांचे चेहरे, कडेला वर्गणीदार. मधोमध छाती काढून उभे असलेले दोन पैलवान. हे दोघं अजून एकमेकांना भेटलेलेही नाहीत. एकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, दुसऱ्याचा जुन्या दंगलीतला कापून घेतला. डिझायनर दोघांची उंची सारखी करतो आणि नजरेला नजर भिडावी म्हणून एकाला उलटा फिरवतो. इथे एक फजिती ठरलेली असते. फोटो उलटा केला की उजव्या दंडावरचा ताईत डावीकडे जातो, बनियनवरची अक्षरंही उलटी होतात. जुने वस्ताद तेवढ्यावरूनच हसायला लागतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावात कुस्त्यांची आम दंगल आहे. तिकीट नाही, गेट नाही. तरीही दंगल विकावीच लागते, कारण गर्दी दिसली तरच पुढच्या साली देणगीदार खिशात हात घालतो.

[दृश्य: ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कमिटी. पावतीबुक, जुनी पत्रकं.]

बॅनरवर सगळ्यात मोठं अक्षर पैलवानाच्या नावाचं नसतं, इनामाच्या आकड्याचं असतं. ‘पहिलं इनाम ५१ हजार’, आणि पुढे देणाऱ्याचं नाव. माणूस उत्साहात तोंडी आकडा बोलतो. पत्रकात छापून आला की त्याला मागे फिरता येत नाही. म्हणून बऱ्याच कमिट्या आधी छापतात, मग वसुलीला निघतात. देणारा ऐन करीच्या दिवशी ‘नॉट रिचेबल’ झाला तर जिंकलेल्या पोराच्या हातात अर्धीच रक्कम पडते आणि भांडण माइकवर येतं. या कमिटीनं वरची तीन इनामं रोख जमा झाल्यावरच छापायला दिली. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं-निम्मं होतं. हे मात्र इथेही बॅनरवर नाही.

जोड लावणं हे त्याहून नाजूक काम. बाहेरचा नावाजलेला पैलवान विरुद्ध पंचक्रोशीतलं पोरगं, ही जोड हमखास चालते. त्यात मागच्या साली दोघांची कुस्ती बरोबरीत सुटली असेल तर लोक न सांगता येतात. पण वजनं जुळली पाहिजेत. चार-पाच किलोचा फरक ताकदीवर निभतो. पंधरा किलोचा फरक फोटोत झाकला जातो, आखाड्यात दोन मिनिटांत उघडा पडतो. मग ‘नुरा आहे, नुरा!’, म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती, अशी ओरड होते, कुस्ती खरी असली तरी. म्हणून वजनकाटा बॅनरच्या आधी आणावा. हा क्रम उलटवणाऱ्या कमिट्याच जास्त, हे दुर्दैव.

[दृश्य: पारावर मोबाईलभोवती पोरं. स्क्रीनवर दोन बॉक्सर कपाळाला कपाळ लावून उभे.]

पोरं जे पाहताहेत तो याच धंद्याचा मोठा भाऊ. २ जुलै १९२१ रोजी अमेरिकेत, जर्सी सिटीत, टेक्स रिकार्ड नावाच्या प्रवर्तकानं एका लढतीसाठी खास लाकडी स्टेडियम उभारलं. एका बाजूला फ्रान्सचा युद्धवीर जॉर्ज कार्पांतिए, दुसऱ्या बाजूला सैन्यभरती चुकवल्याचा ठपका बसलेला विजेता जॅक डेम्प्सी. कोर्टानं डेम्प्सीला निर्दोष सोडलं होतं, पण रिकार्डला खलनायक हवाच होता. लढत चौथ्या फेरीत संपली. तिकिटांचा गल्ला दहा लाख डॉलरच्या वर गेला, बॉक्सिंगच्या इतिहासात पहिल्यांदाच.

बडबडीचा धडा तर बॉक्सिंगनं कुस्तीकडूनच घेतला. १९६१ साली लास व्हेगासमध्ये तरुण कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीला, गॉर्जस जॉर्ज हा कुस्तीगीर भेटला. हा आपला तोंड वाजवायचा, लोक त्याला हरताना पाहायला पैसे मोजायचे. अलीनं ती युक्ती उचलली आणि शेवटपर्यंत वापरली.

पुढे पे-पर-व्ह्यू आलं: ज्या घराला लढत पाहायची, त्यानं त्या एका रात्रीचे वेगळे पैसे भरायचे. बड्या बॉक्सरला त्यात हिस्सा असतो, म्हणून पत्रकार परिषदेतल्या धक्काबुक्कीलाही किंमत येते. २ मे २०१५ च्या मेवेदर–पॅकियाओ लढतीसाठी अमेरिकेत सुमारे ४६ लाख जणांनी पैसे भरले. एचडीचा दर जवळपास शंभर डॉलर. पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता, ते लोकांना लढतीनंतर कळलं.

धक्काबुक्की अंगावरही येते. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईस आणि माइक टायसन यांची पत्रकार परिषद खऱ्या मारामारीत संपली. नेवाडा राज्यानं टायसनला परवाना नाकारला आणि लढत जूनमध्ये मेम्फिसला न्यावी लागली.

[दृश्य: बाजाराचा दिवस. भोंगा लावलेला ऑटो भाजीच्या रांगांमधून.]

अमरावती जिल्ह्यातली ‘बहिरम’ची यात्रा असो की करीची दंगल, प्रचाराचा कणा अजून हाच. आवाज आधीच रेकॉर्ड केलेला, वीस-पंचवीस सेकंदांचा; त्याहून लांब असेल तर ऑटो पुढे निघून जातो आणि तारीख ऐकूच येत नाही. म्हणून तारीख आणि गाव सुरुवातीला, पैलवान नंतर. आठवडी बाजार साधायचाच, कारण दहा खेड्यांची माणसं तिथे आयती मिळतात. रात्री दहानंतर भोंगा बंद.

मोबाईलवर वेगळी तयारी. प्रत्येक मोठ्या पैलवानाकडून पंधरा सेकंदांचा उभा व्हिडिओ मागवतात: ‘मी येतोय, तुम्हीही या.’ ही जाहिरात आहे आणि पुरावाही. विसार देऊनही पैलवान आला नाही तर कमिटीला तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे दुखणं जुनंच आहे. १९१० मध्ये लंडनला आपला गामा पैलवान आणि पोलंडचा कुस्तीगीर झ्बिश्को यांची लढत बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, तेव्हा झ्बिश्को फिरकलाच नाही.

[दृश्य: करीची दुपार. डफडं. आखाड्यात लहान पोरांच्या जोडी.]

पन्नास रुपयांच्या कुस्त्या आधी, मोठी शेवटी. मोठी लवकर लावली तर मैदान रिकामं होतं. फार ताणली तर शेवटच्या लालपरीसाठी लोक उठतात. पाच वाजताची वेळ बरोबर. त्याआधी पैलवान हात उंचावून आखाड्याला फेरी मारतो, निवेदक त्याची जुनी मैदानं मोजतो, देणगीदारांचे सत्कार उरकले जातात. सत्कार लांबले की शिट्ट्या सुरू होतात.

[दृश्य: पहिल्या नंबरची कुस्ती. सलग, निवेदनाशिवाय.]

आज कुणाचा खांदा निखळला तर खर्च त्याच्या घरचा. विमा उतरवणारी कमिटी विरळाच.

[दृश्य: पंच दोघांचे हात वर करतात. गर्दी उठू लागते.]

कुस्ती बरोबरीत सुटली. निवेदक माइक सोडत नाही. लोक उठायच्या आत पुढच्या करीला हीच जोड जाहीर होते, आणि इनामाचा आकडा कोण बोलतो, याची विचारणा तिथेच सुरू होते. ६१ हजारांवर एक हात वर झालाय. कमिटीचा सचिव नाव लिहून घेतो, आणि या वेळी सहीही.