पाय हलला, पण त्याला कळलं का?

नमस्कार. आज मागचे दोन्ही पाय गेलेल्या कुत्र्याबद्दल बोलायचं आहे. चार-पाच वर्षांचा डॅशहाउंड किंवा शित्झू. काल सोफ्यावरून उडी मारत होता, आज मागचा भाग फरफटत ओढतोय. घरचे म्हणतात, उडी चुकली. खरं तर मणक्यांमधली गादी त्याच्या कितीतरी आधी खराब झालेली असते. या गादीचा गाभा जेलीसारखा मऊ असावा लागतो. आखूड पायांच्या जातींत तो वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कोरडा पडतो आणि त्यात चुना साठू लागतो. मग एखाद्या साध्या हालचालीनेही तो फुटून वर येतो, आणि वर असतो मज्जारज्जू. बहुतेक वेळा छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्याच भागात हे घडतं. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया ठरवायची तर एमआरआय किंवा सीटी लागतो.

पहिल्या तपासणीत एकाच प्रश्नावर बरंच काही ठरतं: खोल वेदना कळते का? डॉक्टर चिमट्याने बोटाचं हाड दाबतात, कुत्रा पाय आखडून घेतो, आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. इथेच मोठी गल्लत होते. पाय आखडणं ही कमरेपुरती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूशी संबंध पूर्ण तुटला तरी ती होते. त्याने मान वळवली, ओरडला, चावायला आला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असं म्हणायचं. ती कळत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहापैकी साधारण नऊ कुत्री पुन्हा चालतात. कळत नसेल तर निम्मी. म्हणून संवेदना गेली असेल तर ‘दोन दिवस गोळ्या देऊन बघू’ असं करू नका.

दुखणं आणि थोडा तोल जाणं एवढंच असेल तर शस्त्रक्रियेशिवाय चालू शकतं, पण मग किमान चार आठवडे बंदिस्त विश्रांती. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढाच पिंजरा किंवा कुंपण. बाहेर काढायचं ते शी-लघवीपुरतं, पट्टा लावून. औषधाने दुखणं थांबलं की तो पळू पाहतो, आणि गादीची फाटलेली कड अजून भरलेली नसते. दुसरा झटका बहुधा याच काळात येतो. आणखी एक, हात जोडून सांगतो: स्टिरॉइड आणि मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक एकत्र देऊ नका. पोटात व्रण होतात, कधी आतडं फुटतं. घरातली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन तर मुळीच नको.

आता मूत्राशय. फिजिओथेरपी म्हटलं की सगळ्यांना पाण्यातली ट्रेडमिल आठवते, पण कुत्र्याचं पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त नुकसान तुंबलेल्या लघवीने होतं. ‘डॉक्टर, लघवी होतेय, चादर ओली असते,’ असं घरचे सांगतात. बऱ्याचदा ते भरलेल्या टाकीचं ओसंडणं असतं. आठ किलोच्या कुत्र्याची दिवसाची लघवी साधारण २०० ते ४०० मिली. चादरीवर दोन चमचे दिसत असतील तर बाकीची कुठे आहे? मूत्राशय सतत ताणलेलं राहिलं तर त्याच्या स्नायूंचा जोर जातो, आणि पुढे नसा सुधारल्या तरी ते आवळत नाही. शिवाय जंतुसंसर्ग.

म्हणून दर सहा ते आठ तासांनी ते हाताने रिकामं करायचं. कुत्र्याला उभं धरा किंवा कुशीवर झोपवा. मागच्या मांड्यांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना तळवे सपाट ठेवा. पाणी भरलेल्या फुग्यासारखं काही लागेल. बोटं न रोवता, तळव्यांनी हळूहळू दाब वाढवत शेपटीच्या दिशेने न्या आणि धार थांबेपर्यंत दाब तसाच धरा. झटके द्यायचे नाहीत. कधी कधी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप इतकी घट्ट असते की काहीच येत नाही. तिथे जोर केला तर मूत्राशय फाटू शकतं. अशा वेळी झडप सैल करणारं औषध किंवा नळी लागते, डॉक्टरांना फोन करा. हे तंत्र दवाखान्यातून निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने करून दाखवा. नुसतं बघून जमत नाही. लघवीला उग्र वास आला, ती गढूळ किंवा लालसर झाली, तर तपासायला द्या.

अंथरूण चार इंच फोमचं, वर रेक्झिन, त्यावर मऊ सुती चादर. दर चार तासांनी कूस बदला. खुब्याचं हाड, कोपर आणि घोटा इथली कातडी रोज पाहा.

व्यायाम दिवसातून तीनदा. बोटं, घोटा, गुडघा, खुबा, प्रत्येक सांधा दहा-पंधरा वेळा, तो सहज जाईल तेवढाच. मग पोटाखालून टॉवेल घालून दोन मिनिटं उभं करा, पंजे सरळ टेकवून. पंजा उलटा पडला की लगेच सरळ करा. टॉवेलने वजन पूर्ण उचलू नका, थोडं पायांवर येऊ द्या.

पाण्यातली ट्रेडमिल टाके निघाल्यावर, जखम कोरडी असेल तर. पाणी खुब्यापर्यंत असलं की पायांवर वजनाचा सुमारे ३८ टक्के भार राहतो. गुडघ्यापर्यंत असलं तर ८५. म्हणून सुरुवात खोल पाण्यात करतात आणि ताकद येईल तशी पातळी उतरवतात. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं पुरे.

मात्र ट्रेडमिलनंतर तो घरी येऊन दिवसभर गुळगुळीत टाइल्सवर घसरणार असेल, तर केलेलं वाया जातं. आपल्या फ्लॅटमध्ये हीच मोठी अडचण आहे. त्याच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर रबरी किंवा योगा मॅट सलग अंथरा, तळव्यांमधले केस कापा. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ आडवी. काखेत धरून लहान मुलासारखं उचलू नका.

मांजरांचं गणित वेगळं. मांजराचे मागचे पाय अचानक गेले, ते जोरात ओरडतंय, पंजे थंड आणि पंजांखालच्या गाद्या फिक्या किंवा निळसर आहेत, तर आधी हृदयातून सुटलेली गुठळी मानायची. तिथे मालिश नाही, शेक नाही, पॅरासिटामॉल तर विषच. त्याच क्षणी दवाखाना.