लग्न ‘लागतं’ म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी.

लग्न जमतं, ठरतं, कधी मोडतं. पण अक्षता पडल्या की आपण म्हणतो, ‘लागलं एकदाचं!’ गुरुजीही लग्न ‘लावतात’. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणं. त्यावरून ‘लग्न’, म्हणजे चिकटलेलं. आपलं ‘लागणं’ त्याच धातूचं. मेलसोबत ‘संलग्न’ म्हणून फाइल पाठवतो, तिथेही हाच शब्द बसलाय.

मग चिकटलं कोण? नवरा-नवरी, असं आपण धरून चालतो. शब्द मात्र त्या वाटेनं आलेला नाही. चिकटली ती रास, पूर्वेच्या क्षितिजाला. ज्या क्षणी जी रास तिथे उगवत असते, ते त्या क्षणाचं लग्न. पत्रिकेतलं पहिलं घर म्हणूनच लग्नस्थान, मग तुम्ही आजन्म ब्रह्मचारी का असेना! बारा राशी दिवसभरात उगवून जातात, म्हणजे एकीला सरासरी दोन तास. त्यातली शुभ वेळ धरून विधी करायचा. हळूहळू वेळेचं नाव विधीलाच चिकटलं.

ही वेळ मोजायची कशी? पाण्यावर तांब्याची वाटी सोडायची, बुडाला बारीक भोक असलेली. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं. लग्नघटिका जवळ येते तसा गुरुजींचा आवाज चढतो, तो या बुडत्या वाटीच्या आठवणीनं असावा, असं आपलं मला वाटतं.

‘विवाह’ हा शब्द वेगळा. त्यात ‘वह्’ आहे, वाहून नेणं. वधूला घरी नेणं. ‘पाणिग्रहण’ म्हणजे हात धरणं, आणि ऋग्वेदातल्या सूर्येच्या, म्हणजे सूर्यकन्येच्या, विवाहसूक्तात वर ‘तुझा हात धरतो’ असंच म्हणतो. या दोन्हींत माणसं आहेत. ‘लग्ना’त मुळात फक्त आकाश.

आणि आपण ते दर लग्नात ऐकतो. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चन्द्रबलं तदेव’. यातलं ‘लग्नं’ म्हणजे समारंभ नव्हे, तीच उगवती रास. लक्ष्मीपतीच्या पायांचं स्मरण हेच शुभ लग्न, हाच चांगला दिवस, हेच ताऱ्यांचं बळ, असं श्लोक सांगतो. गंमत बघा, हे म्हणताना गुरुजींचा डोळा घड्याळावर!

आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांची आणखी एक पंचाईत. भारतातून मुहूर्त येतो आणि आपण तासांचा फरक वजा करून मोकळे होतो. पण त्याच क्षणी पुण्याच्या क्षितिजावर एक रास असते, आपल्या क्षितिजावर दुसरीच. उत्तरेकडे जावं तसं काही राशी झरझर उगवतात, काही रेंगाळतात. म्हणजे आकडेमोड इथल्या अक्षांश-रेखांशांनी करायला हवी. मी हे एका वधूपित्याला सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो, हॉल दोनपर्यंतच मिळालाय.’