हॉट म्हणजे नेमकं कोणतं?

श्रोतेहो, नमस्कार. मी चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते.

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्याच्या वहीत 'हॉट' हा शब्द अगदी सुरुवातीलाच येतो. शेजारी चिनी अर्थ लिहिलेला असतो, एकच: 'रऽ', म्हणजे उष्ण. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

इंग्रज माणूस जिथे नुसतं हॉट म्हणून मोकळा होतो, तिथे मॅन्डरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणाऱ्याला रोज तीन शब्द लागतात. हवा, पाणी, जेवण गरम असेल तर 'रऽ'. चटका बसेल इतकं कढत असेल तर 'थांग'. यातला थ आपल्या थालीपीठातला. आणि मिरचीचं तिखट ते 'ला'. या तिघांची गल्लत चिनी घरातलं लहान मूलही करत नाही. आपल्याकडेही कुणी कढत चहाला तिखट म्हणत नाही. हा शब्द चिनी विद्यार्थ्याला का अडतो, ते मराठी माणसाला म्हणूनच पटकन समजतं. इंग्रजालाच समजावून सांगावं लागतं.

स्छ्वान प्रांतातला एक लोकप्रिय पदार्थ घ्या. भाज्या, टोफू, मांसाचे तुकडे मसालेदार उकळत्या रश्श्यात शिजवून देतात. नाव 'मा-ला-थांग'. 'मा' म्हणजे जीभ बधिर करणारं, 'ला' म्हणजे तिखट, 'थांग' म्हणजे कढत. तीन अक्षरांत सगळी पाककृती आली! आता याचं इंग्रजी करायला विद्यार्थ्याला सांगा. 'बधिर, हॉट, हॉट' एवढं लिहून तो पेन खाली ठेवतो. (यातल्या 'मा'शी कोकणाची आणि गोव्याची थेट ओळख आहे. जीभ बधिर करणारी ती चिनी मिरी आणि बांगड्याच्या आमटीत आपण टाकतो ते तिरफळ, दोन्ही एकाच वनस्पती-कुळातल्या.)

टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात ज्याचं त्याने शिजवून खायचं, त्या हॉटपॉटची गंमत तर त्याहून मोठी. चिनी भाषेत त्याला 'हुओ-कुओ' म्हणतात, म्हणजे अग्नी-भांडं. बऱ्याच ठिकाणी भांड्याच्या मधोमध पत्र्याची आडभिंत असते: एका बाजूला लालभडक मिरचीचा रस्सा, दुसऱ्या बाजूला साधा पांढरा. पाहुणा पांढऱ्या रश्श्याकडे बोट दाखवून विचारतो, ही बाजू हॉट आहे का? यजमान विद्यार्थी बघतो, तर रस्सा खळाखळा उकळतोय. हो, खूप हॉट, तो म्हणतो. पाहुणा घाबरून चमचा मागे घेतो आणि जेवणभर त्या निरुपद्रवी रश्श्याला हात लावत नाही.

उलटा प्रसंग इंग्लंडमधल्या करी हाऊसमध्ये घडू शकतो. वेटर विचारतो, किती हॉट हवं? गरमागरम जेवण आवडणारा चिनी विद्यार्थी सांगतो, होईल तेवढं हॉट. मग समोर येते विंदालू. मूळची गोव्याची, व्हिनेगर-लसणाची ही भाजी तिकडे जाऊन जहाल तिखटासाठीच प्रसिद्ध झाली. बिचाऱ्याला हवा होता वाफाळता भात.

आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर सर्रास मिळणारं हॉट अँड सावर सूप आठवा. त्यातलं हॉट म्हणजे गरम, असं अनेकांना वाटतं. मूळ चिनी नाव आहे 'स्वान-ला-थांग': स्वान म्हणजे आंबट, ला म्हणजे तिखट, थांग म्हणजे सूप. हा तिखटपणा परंपरेने पांढऱ्या मिरीचा. आणि हो, हा 'थांग' मघाचा नव्हे. सूपवाला थांग वरच्या सपाट सुरात म्हणतात, कढत असलेला थांग वरून एकदम खाली आपटतो. लिहिताना मात्र दोघांचं नातं उघड दिसतं. सूपच्या चिन्हाखाली अग्नीचं चिन्ह काढलं की झालं कढत.

इंग्रजीने मिरचीला आणि विस्तवाला एकाच शब्दात कोंबलं म्हणून हसू येतं. पण इथे शरीरशास्त्र चक्क इंग्रजीच्या बाजूचं आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये दाखवून दिलं की मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला) चेतवतं, तोच ग्राही साधारण 43 अंश सेल्सियसच्या वरची उष्णताही ओळखतो. म्हणजे मिरची चावल्यावर मेंदूला निरोप जातो तो भाजल्याचाच. या संशोधनासाठी ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आपणही ठेचा खाऊन तोंड भाजलं म्हणतोच की! तेवढ्यापुरती मराठीसुद्धा इंग्रजीच्या पंगतीला जाऊन बसते.

'ला' हा शब्द चीनमध्ये मिरचीच्या आधीचा. आलं, लसूण, मोहरी यांच्यासाठी तो होताच. मिरची अमेरिका खंडातून तिथे सोळाव्या शतकात पोचली. 1591 च्या एका चिनी ग्रंथात तिचं वर्णन आहे: पांढरी फुलं, झिजलेल्या कुंचल्याच्या टोकासारखं फळ, चव ला, रंग लाल, दिसायला फार सुरेख. दिसायला! म्हणजे तेव्हा तिचं कौतुक शोभेचं झाड म्हणूनच होतं.

आता माणसांकडे येऊ, कारण खरी अब्रू इथे जाते. फटकळ, कुणाला न भिणाऱ्या बाईला चिनी भाषेत 'फो-ला' म्हणतात. त्यातलं 'ला' हेच, तिखट. आपणही एखादीला तिखट म्हणतो, आणि त्यात थोडी धास्ती, थोडं कौतुक असतं. विद्यार्थी हे इमानेइतबारे इंग्रजीत नेतो आणि सांगतो, माझी मावशी फार हॉट आहे. वर्गात एकदम शांतता पसरते. त्याचं व्याकरण चोख आहे, मावशीही बहुधा तशीच आहे, तरी वाक्य भलत्याच गावाला गेलं.

'मला गरम होतंय' हे सांगतानाही हीच पंचाईत. मराठीत गरम मला होतं, त्यामुळे मी सुरक्षित. चिनी आणि इंग्रजीत 'मी'च कर्ता. त्यात चिनी विशेषणाला 'आहे'ची गरज नसते, म्हणून सुरुवातीला विद्यार्थी 'आय व्हेरी हॉट' म्हणतात. शिक्षक ते 'आहे' तेवढं दुरुस्त करतात. दुसरा अर्थ सांगायला बहुतेक जण लाजतात. मी सांगते. वर्गात दोन मिनिटं हशा झाला तरी चालेल, बाहेर होण्यापेक्षा बरा.

एक अर्थ मात्र आजच्या इंग्रजी हॉटच्या आवाक्याबाहेरचा आहे. लिची जास्त खाल्ली, तळलेलं खाल्लं, तोंड आलं, घसा धरला की चिनी माणूस म्हणतो 'शांग-हुओ', अंगातला अग्नी वर चढला. आपली आजी म्हणते, उष्णता झाली. मग आपल्याकडे सब्जा किंवा कोकम सरबत, आणि ग्वांगतुंग प्रांतात काढ्यासारखा कडू 'थंड चहा'. तो पुष्कळदा गरमच पितात, नावाने थंड असला तरी. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या वैद्यकाचा पगडा युरोपवर होता तेव्हा इंग्रजांनाही मिरीला उष्ण प्रकृतीची म्हणणं ठाऊक होतं. आता त्यांना हे समजावायला वाक्यंच्या वाक्यं लागतात. लिची हॉट आहे म्हटलं, तर इंग्रज फळाला हात लावून बघेल.

बाकीचे अर्थ तसे सोपे. हॉटलाइन आणि हॉट डॉग चिनीने शब्दशः उचललेत: 'उष्ण तार' आणि 'उष्ण कुत्रा'. ज्याची चलती आहे ते 'उष्ण दार', ज्याला कुणी विचारत नाही ते 'थंड दार'. त्यामुळे एखादा विषय हॉट आहे, हे लगेच पटतं. चोरीच्या मालाला हॉट म्हणतात, हे मात्र मुद्दाम सांगावं लागतं. नाहीतर दुकानदाराला सगळ्यात जास्त खपणारा फोन दाखवा म्हणताना विद्यार्थी भलतंच काही मागून बसेल.

माझं मत विचाराल तर अर्थांची यादी पाठ करून घेण्यात हशील नाही. हॉट शेजारच्या शब्दासकट शिकवावा: हॉट सॉस, हॉट वॉटर, हॉट टेम्पर, हॉट टॉपिक. आणि जेवणाच्या टेबलावर तिखटाला सरळ स्पायसी म्हणावं. तेही पूर्ण निर्धोक नाही. लवंग-दालचिनी घातलेल्या, बिनतिखट पदार्थालाही इंग्रज स्पायसी म्हणतो. मुळात खुद्द इंग्रजांचीच इथे पंचाईत होते. मग ते शब्द दोनदा उच्चारतात आणि एकमेकांना विचारतात: हॉट-हॉट, की स्पायसी-हॉट? हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून देते.