5 फूट 9 इंचांचा लाइनबॅकर: सॅम मिल्सची गोष्ट

नमस्कार मंडळी!

15 ऑक्टोबर 1995. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये कॅरोलिना पँथर्स ही नवी कोरी टीम. पाच मॅच खेळली, पाचही हरली. सहाव्या मॅचला समोर न्यूयॉर्क जेट्स. जेट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जवळच्याच खेळाडूकडे चेंडू हळूच ढकलतो. तेवढ्यात एक बुटका लाइनबॅकर मध्ये घुसतो, चेंडू पकडतो आणि 36 यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपलीकडे, टचडाउन! त्याचं वयही तेव्हा 36 होतं. पँथर्सचा पहिलावहिला विजय त्या दिवसाचा.

तो सॅम मिल्स.

लाइनबॅकर बचावाच्या पहिल्या फळीच्या मागे उभा असतो. समोरचे चेंडू घेऊन पळणार की फेकणार, हे त्याला क्षणात ओळखायचं असतं. मधला लाइनबॅकर तर सगळ्या बचावाला हाका घालतो. म्हणजे काम डोळ्यांचं आणि डोक्याचं. पण संघ निवडणारे आधी उंची बघायचे, आणि सॅम होता 5 फूट 9 इंच.

न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट या छोट्या कॉलेजातून आला, तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणीच घेतलं नाही. 1981 मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने सरावातूनच घरी पाठवलं. पुढच्या वर्षी कॅनडातल्या टोरांटो आर्गोनॉट्सनेही. मग तो एका हायस्कूलमध्ये फोटोग्राफी शिकवायला लागला!

1983 मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली. फिलाडेल्फिया स्टार्सचे कोच जिम मोरा यांनी त्याला घेतलं. कबड्डीत बघा, खालून शिरणाऱ्याची पकड पक्की बसते. सॅमचं टॅकल तसंच होतं. स्टार्सने 1984 आणि 1985, दोन्ही वर्षी विजेतेपद मिळवलं. मोरा एनएफएलमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले, तेव्हा सॅमलाही घेऊन गेले. 1967 पासून खेळणाऱ्या या सेंट्सचा एकही हंगाम तोवर हरण्यापेक्षा जास्त जिंकण्याचा नव्हता. असा पहिला हंगाम 1987 मध्ये आला. सॅम, रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग या चौकडीला ‘डोम पट्रोल’ (घुमटाची गस्त) म्हणायचे. माझ्या मते लाइनबॅकरांची इतकी जबरदस्त फळी दुसरी झाली नाही.

पुढे तो पँथर्सकडे आला आणि 1997 नंतर तिथलाच कोच झाला. ऑगस्ट 2003 मध्ये आतड्यांचा कॅन्सर निघाला. उपचार चालू असतानाही तो कामावर यायचा. जानेवारी 2004 मध्ये डॅलसविरुद्धच्या प्लेऑफआधी त्याने खेळाडूंना सांगितलं, आजार कळल्यावर माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: सोडून द्यायचं, नाहीतर घाव घालत राहायचं. ‘कीप पाउंडिंग’. पँथर्स ती मॅच जिंकले आणि थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले.

18 एप्रिल 2005 ला सॅम गेला. फक्त 45 वर्षांचा होता.

ते दोन शब्द पँथर्सच्या जर्सीत, कॉलरच्या आतल्या बाजूला आले. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं 2022 मध्ये, नियमित उमेदवारीच्या अगदी शेवटच्या वर्षी. त्या दिवशी त्याच्या वतीने बोलायला त्याची पत्नी मेलनी उभी होती.