डेट्रॉइट नदीवर वॉलआयच्या मागे एक दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या हद्दीवरून 45 किलोमीटर लांबीची एक नदी वाहते. तिचं नाव डेट्रॉइट. वर सेंट क्लेअर सरोवर, खाली ईरी सरोवर आणि या दोघांना जोडणारी ही. एका काठावर मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट शहर, समोरच्या काठावर कॅनडातलं विंडसर. डेट्रॉइट म्हटलं की जगाला मोटारींचे कारखाने आठवतात. पण मार्च सरत आला आणि बर्फ वितळलं, की इथले मासे गरवणारे एकमेकांना एकच गोष्ट विचारतात : वॉलआय चढला का?

आज मला त्या वॉलआयबद्दल बोलायचं आहे, आणि त्याच्यासाठी जाणत्या माणसाच्या होडीतून घालवायच्या एका पूर्ण दिवसाबद्दल.

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा, तिथल्या पर्च कुळातला सगळ्यात मोठा. पाठ हिरवट, कुशीवर सोनेरी झाक, पोट पांढरं आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. तोंडात टोकदार सुळे, पाठीवरच्या पहिल्या पराला कडक काटे. मिनेसोटा राज्यानं 1965 साली त्याला आपला राज्य-मासा केलं. पण त्याची खरी ओळख डोळा. नेत्रपटलाच्या मागे एक चकाकणारा थर असतो. डोळ्यात शिरलेला उजेड त्या थरावर आपटून परत फिरतो आणि पटलाला तोच उजेड दुसऱ्यांदा मिळतो. त्यामुळे गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला, रात्री, जेव्हा त्याचं भक्ष्य चाचपडत असतं, तेव्हा याला स्पष्ट दिसतं. मी मूळचा पेणचा. खाडीवर रात्री बत्तीच्या उजेडात जिताड्याचा डोळा कसा पेटतो ते ज्यानं पाहिलंय, त्याला वॉलआय पहिल्याच भेटीत ओळखीचा वाटतो.

एरवी हा मासा ईरी सरोवरात पसरलेला असतो. वसंत ऋतूत पाणी सहा ते दहा अंश सेल्सियसच्या दरम्यान आलं की अंडी घालण्यासाठी तो दगडगोट्यांचा तळ शोधतो. काही थवे सरोवरातल्याच खडकाळ उंचवट्यांवर जातात, काही ओहायोतल्या मॉमी नदीत, आणि काही डेट्रॉइट नदीत वर चढतात. नर आधी येतात, आकारानं लहान. मागून माद्या येतात, मोठ्या आणि गाबोळीनं भरलेल्या. मादी दगडगोट्यांवर अंडी सोडते आणि निघून जाते. घरटं नाही, राखण नाही. एका मोठ्या मादीच्या पोटात काही लाख अंडी असतात, कारण त्यातली फार थोडी जगणार असतात.

आता ही नदी एवढी भरलेली दिसते, पण नेहमी अशी नव्हती. 1948 च्या हिवाळ्यात हिच्या पाण्यावर पसरलेल्या तेलानं हजारो रानबदकं मेली. 1969 साली हिला मिळणाऱ्या रूज नदीवरच्या तेलानं पेट घेतला. आणि 1970 साली नदीच्या वरच्या बाजूच्या पाण्यातल्या माशांमध्ये पारा सापडला. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून तो वर्षानुवर्षं पाण्यात येत होता. सेंट क्लेअरपासून ईरीपर्यंत वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली. बंदी माणसांच्या तब्येतीसाठी होती, पण तिचा दुसरा परिणाम असा झाला की जाळ्यांनी खरवडून निघालेल्या या माशाला उसंत मिळाली. 15 एप्रिल 1972 रोजी ओटावामध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी पंचमहासरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेचा करार केला. त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा आला. पुढे ईरी सरोवरातून दर वर्षी किती वॉलआय काढायचे, हे भोवतालची राज्यं आणि ओंटारिओ प्रांत एकत्र बसून ठरवू लागले. नदीच्या तळाशी दगड टाकून अंडी घालण्यासाठी मुद्दाम जागा तयार केल्या गेल्या : 2004 मध्ये बेल आइलपाशी, 2008 मध्ये फायटिंग आयलंडपाशी, पुढे आणखी. ट्रेंटन गावात जिथं मोटारींच्या ब्रेकचा कारखाना होता, तिथं आज वन्यजीव आश्रयस्थानाचं प्रवेशद्वार आहे. हे सगळं आधी सांगितलं, कारण गळाला लागलेला प्रत्येक वॉलआय पन्नास वर्षांच्या या कामातून आलेला आहे, हे होडीत पाय ठेवताना ठाऊक असावं असं मला वाटतं.

आता होडीकडे येऊ.

एप्रिलच्या मध्यावर इथं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. त्याच्याही आधी धक्क्यावर पोचायचं. ट्रेंटनचं एलिझाबेथ पार्क हा त्यातला एक ओळखीचा धक्का. हवेत शहारा असतो, पाणी तर बर्फातून नुकतंच सुटलेलं. अशा पाण्यात पडलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसाचेही हातपाय काही मिनिटांत कामातून जातात. म्हणून सगळ्यात आधी जीवरक्षक जाकीट. लोकरी कपडे आणि वाऱ्याला अडवणारा वरचा कोट त्यानंतर. जो गाईड जाकिटाबद्दल काही न बोलता इंजिन सुरू करतो, त्याच्या होडीत मी बसणार नाही.

इथल्या गाईडला लोक कॅप्टन म्हणतात. मला मात्र तो आपल्या मचव्यावरचा तांडेलच वाटतो, कारण त्याचं खरं काम मासा दाखवणं नाही, पाणी वाचणं आहे. तो धक्क्यावरच विचार करू लागलेला असतो : काल वारा कुठून होता? सेंट क्लेअर सरोवराची सरासरी खोली जेमतेम तीन-साडेतीन मीटर. जोराचा वारा सुटला की ते तळापासून ढवळून निघतं आणि तो गढूळपणा प्रवाहाबरोबर नदीत उतरतो. कधी कधी नदीची एक बाजू चहासारखी आणि दुसरी नितळ असते. तांडेल त्या दोन पाण्यांच्या शिवेवर होडी नेतो. फार गढूळ पाण्यात वॉलआयलाही आमिष सापडत नाही, आणि फार नितळ पाण्यात, भर उन्हात, तो खोल दडून बसतो.

मासे धरायची इथली मुख्य पद्धत म्हणजे गळ सरळ खाली सोडून हलवत राहणं, म्हणजे जिगिंग. शिशाचं गोल डोकं असलेला गळ, वजन साधारण 14 ते 28 ग्रॅम, त्याला छोटा जिवंत मासा किंवा रबरी शेपटी. नदीची खोली बऱ्याच ठिकाणी सहा ते बारा मीटर. गळ तळाला टेकू द्यायचा, वीतभर उचलायचा, आणि दोरी ताणलेली ठेवूनच परत खाली न्यायचा. सगळी मेख या खाली नेण्यात आहे. मासा बहुतेक वेळा गळ खाली जाताना तोंडात घेतो. दोरी सैल असेल तर तुम्हाला कळणारच नाही. आणि लागतो तेव्हा हिसका बसेलच असं नाही. हलकी टकटक होते, किंवा गळ नुसता जड होतो. नवख्याला वाटतं, तळाच्या दगडात अडकला. तेवढ्यात तो दगड डोकं हलवतो.

पण प्रवाह ताशी दोन-तीन किलोमीटरनं ओढत असताना दोरी सरळ उभी राहील कशी? ती तांडेल उभी ठेवतो. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, विजेवर चालणारी लहान मोटर असते. एक नजर दोरीच्या कोनावर, एक खोली दाखवणाऱ्या पडद्यावर, आणि पाय मोटरच्या पायपट्टीवर. वारा होडीला एकीकडे ढकलतो, पाणी दुसरीकडे. तो क्षणाक्षणाला नाळ वळवत होडी बरोबर गळाच्या डोक्यावर ठेवतो. असं कित्येक तास. बघणाऱ्याला तो नुसता उभा आहे असं वाटतं. मी या कामाला कारागिरी म्हणतो, आणि गाईडच्या दिवसाची बिदागी मला कधी जास्त वाटली नाही ती यासाठीच.

शिवाय नदी एकट्या मासे गरवणाऱ्यांची नाही. लोहखनिज नेणारी 305 मीटर लांबीची मालवाहू जहाजं याच पात्रातून जातात. चालत्या जहाजांना टपाल पोचवणारी एक छोटी बोटही इथं वर्षानुवर्षं फिरत आली आहे, आणि तिला स्वतंत्र पिनकोड आहे : 48222. जहाज येताना दिसलं की तांडेल वेळेवर गळ वर घ्यायला सांगतो आणि मार्ग मोकळा करतो. पात्राच्या मधून दोन देशांची हद्द जाते, तीही त्याला सांभाळावी लागते. पलीकडच्या पाण्यात गळ टाकायचा तर मिशिगनचा परवाना चालत नाही, ओंटारिओचा लागतो.

आता कुणी विचारेल, अर्धा दिवस पुरत नाही का? माझं मत, नाही. सकाळी उजेड तिरका असतो, मासा उथळ कडांवर असतो. दहा-अकराला ऊन चढलं की तो खोल पात्रात सरकतो आणि तोंड मिटतो. दुपारी कधी कधी तास न् तास कुणाच्याच दोरीला काही लागत नाही. या रिकाम्या तासांत तांडेल बोलतो. तळाचा उतार कुठं आहे, जुन्या बांधकामाचे दगड कुठं पडलेत, पाण्याचं तापमान एका अंशानं वाढलं तर उद्या मासा कुठं असेल, हे सगळं तेव्हाच ऐकायला मिळतं. आणि मग चारच्या पुढे नदी पुन्हा जागी होते. अर्ध्या दिवसाचा पाहुणा यातलं एकच पान वाचून परत जातो.

संध्याकाळनंतर थांबलात तर इथली एक जुनी, खास पद्धत बघायला मिळते : हातदोरी. काठी नाहीच. होडीच्या कडेला स्प्रिंगची चाती बसवलेली असते, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला पाऊण किलोच्या आगेमागे वजन. त्या तारेला लांब दोऱ्या जोडलेल्या आणि दोऱ्यांच्या टोकाला पेन्सिलीएवढी बारीक नकली मासळी. होडी प्रवाहाविरुद्ध सावकाश चालते आणि माणूस तार हातात धरून वजन तळाला टेकवत, उचलत राहतो. तळाचा चिखल, रेती, गोटा, सगळं बोटांना कळतं. कोकणच्या किनाऱ्यावर हातानं दोरी सोडणाऱ्या कुणालाही इथं बसवलं, तर घटकाभरात तो सरावेल याची मला खात्री आहे.

आता एक नाजूक गोष्ट. हे सगळं माशाच्या विणीच्या हंगामात चालतं. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामागचा एक मोठा हेतू माशांची वीण सांभाळणं हाच आहे. मग या नदीत वसंतातही मुभा का? ईरीतले वॉलआय अनेक ठिकाणी अंडी घालतात, आणि किती काढायचे याचा हिशोब दर वर्षी होतो, म्हणून. दिवसाला किती आणि कमीत कमी किती लांबीचे मासे ठेवायचे याचे नियम आहेत. 15 इंचांपेक्षा, म्हणजे 38 सेंटिमीटरपेक्षा, लहान वॉलआय ठेवता येत नाही. पण कायद्यानं मोठी मादी ठेवायला मनाई नाही. तिथं माणसाची परीक्षा आहे.

मी गाबोळी आवडीनं खाणाऱ्या घरातला आहे. तव्यावर हळद-मीठ लावलेली गाबोळी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तरीही सांगतो, सत्तर सेंटिमीटरची, पोट तट्ट फुगलेली मादी वर आली, तर तिला ओल्या हातांनी धरा, आडवी धरून पोटाला आधार द्या, एक फोटो काढा आणि लगेच पाण्यात सोडा. कल्ल्यांत बोटं घालू नका. ताटासाठी नर पुरेसे आहेत. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचा नर चवीलाही जास्त गोड लागतो.

मोठी मादी सोडण्याला आरोग्याचंही कारण आहे. पारा मोठ्या, वयस्क माशात साठत जातो, आणि तो थेट मांसात असतो. कातडी काढून किंवा चरबी छाटून तो जात नाही. मिशिगनचं आरोग्य खातं कोणत्या पाण्यातला कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याची मार्गदर्शिका दर वर्षी काढतं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांच्या आयांनी ती बघितल्याशिवाय नदीचा मासा शिजवू नये.

वॉलआयचं मांस पांढरं, घट्ट आणि सौम्य. काप काढल्यावर काटा जवळजवळ राहत नाही. गालाचा छोटासा तुकडाही टाकू नका, तो सगळ्यात चविष्ट. इथले लोक पिठात बुडवून तळतात. आम्ही आगळ, हळद, आलं-लसूण आणि मालवणी मसाला लावून अर्धा तास ठेवतो, रव्यात घोळवून मंद आचेवर परततो. मसाला बेतानं घाला. हा मासा बांगड्यासारखा उग्र नाही, जास्त मसाल्याखाली त्याची स्वतःची चव हरवते.

मिशिगनमधल्या आणि आसपासच्या मराठी मंडळींपैकी कुणाला जायचं असेल, तर एप्रिलचे मधले आठवडे धरा आणि होडी हिवाळ्यातच ठरवून ठेवा. सतरा आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या गाईडकडे अमेरिकी तटरक्षक दलाचा कॅप्टनचा परवाना असायला हवा. लहान होडीच्या परवान्यावर जास्तीत जास्त सहा पाहुणे नेता येतात. तो परवाना बघायला मागण्यात काहीच संकोच नको. वारा वाढला तर फेरी रद्द होते का आणि पैसे परत मिळतात का, हेही आधीच बोलून घ्या. आणि फोनवर त्याला एवढं जरूर विचारा, की गाबोळीची मोठी मादी लागली तर तुमच्या होडीवर तिचं काय करतात? "सोडतो" असं उत्तर आलं, तर त्याच्याकडेच दिवस ठरवा.

नमस्कार.