भीतीचे मेंदूतील घर एकच नाही

श्रोतेहो, मेंदूविषयीच्या लोकप्रिय लेखनात ‘अमिग्डला हे भीतीचे केंद्र आहे’ हे विधान हमखास आढळते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेला बदामाच्या आकाराचा हा पेशीसमूह भीतीच्या प्रक्रियेत मोठी कामगिरी बजावतो, यात शंका नाही. परंतु हे विधान जसेच्या तसे स्वीकारले, तर घाबरलेल्या माणसाला समजून घेण्यात आपण कमी पडू, असे माझे मत आहे.

संशोधनात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन स्त्री आहे. उर्बाख-वीथे या अत्यंत विरळ आनुवंशिक विकाराने तिचे दोन्ही अमिग्डला निकामी झाले. इतरांच्या चेहऱ्यावरील आनंद तिला ओळखता येई, पण भीती ओळखता येत नसे, हे राल्फ अडॉल्फ्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. पुढे २००५ मध्ये असे लक्षात आले की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे आपणहून पाहतच नाही, आणि ‘डोळ्यांकडे पाहा’ असे सांगितले की तिला ती भीती ओळखता येते. याचा अर्थ, नेमके कोठे पाहायचे, महत्त्वाचे काय, हे ठरवणे हेही अमिग्डलाचे काम आहे. या स्त्रीला प्राण्यांच्या दुकानात नेले असता, साप आवडत नाहीत असे वर्षानुवर्षे सांगत आलेली ती साप हातात घेऊन कुतूहलाने न्याहाळू लागली.

येथपर्यंत ‘भीतीचे केंद्र’ ही कल्पना टिकते. मात्र २०१३ मध्ये जस्टिन फाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी तिला, तसेच याच विकाराच्या दोन जुळ्या बहिणींना, ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासात घ्यायला दिली, आणि तिघीही भयाने अक्षरशः कासावीस झाल्या. निरोगी तुलनागटातील बहुतेकांना मात्र असा झटका आला नाही. डोळ्याकानांवाटे येणारा धोका अमिग्डलाच्या मार्गाने जातो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे रक्तातील आम्लता वाढल्याची, जीव गुदमरत असल्याची खबर शरीराच्या आतून येते, आणि तिला अमिग्डलावाचूनही भयापर्यंत पोहोचता येते. म्हणून, छातीत धडधडून श्वास अडकल्यासारखा होणाऱ्या रुग्णाला ‘घाबरण्यासारखे येथे काय आहे?’ असे विचारणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या भीतीचे कारण खोलीत नसेल, त्याच्या श्वासात असेल.

आता दीर्घकाळच्या ताणाकडे वळू. ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथीला चेतवते, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, आणि हे चक्र आवरण्याच्या कामात स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचा हातभार असतो. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधील सुमंत्र चटर्जी, अजय व्यास व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या बाबतीत फार मोलाचे निरीक्षण मांडले. उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास जखडून ठेवल्यावर हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडल्या, पण अमिग्डलातील शाखा उलट वाढल्या. २००४ मध्ये याच गटाने दाखवले की ताण थांबवून २१ दिवस उलटल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत होतो; अमिग्डलातील वाढ आणि प्राण्याची अस्वस्थता मात्र तशीच राहते. उंदराचा निष्कर्ष माणसाला सरसकट लावू नये, हे खरे. तरीही कसोटीचा काळ सरल्यानंतरही ज्यांची धास्ती जात नाही, त्यांना ‘आता तर सारे ठीक आहे’ असे ऐकवण्यापूर्वी या प्रयोगाची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

मग भीती कमी होते ती कशी? घंटेनंतर विजेचा झटका बसतो हे शिकलेल्या उंदराला झटक्याविना घंटा पुन्हा पुन्हा ऐकवली, तर तो थिजून राहणे सोडतो. परंतु जुनी आठवण बहुतांशी पुसली जात नाही. ‘येथे धोका नाही’ अशी दुसरी आठवण तयार होते, आणि कपाळामागील मेंदूचा पुढचा भाग तिच्या बळावर अमिग्डलाला आवर घालतो. ही दुसरी आठवण जागेशी घट्ट बांधलेली असते, म्हणूनच पिंजरा बदलला की भीती परतते. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याच्या उपचारात याच कारणासाठी सराव केवळ दवाखान्याच्या खोलीत न ठेवता घरी, रस्त्यावर, गर्दीत, निरनिराळ्या वेळी करून घ्यावा लागतो. आणि मधूनच भीतीने पुन्हा डोके वर काढले, तर त्यावरून उपचार फसला असे ठरत नाही.